द्राक्षमळ्यांपासून सागरतीरापर्यंत : नाशिक–जव्हार–बोर्डी

प्रवासाचे दोन प्रकार असतात. एकात मुक्कामाचे ठिकाण महत्त्वाचे असते आणि मधला रस्ता केवळ पार करायचा असतो. दुसऱ्यात रस्ता हेच प्रवासाचे खरे प्रयोजन असते. नाशिकच्या द्राक्षमळ्यांपासून निघून त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार अशी सह्याद्रीची धार उतरत डहाणू-बोर्डीच्या समुद्रकिनाऱ्यावर पोहोचविणारा मार्ग या दुसऱ्या प्रकारात मोडतो. अंतर अवघे एकशे साठ किलोमीटरच्या आसपास. मनात आणले तर चार-पाच तासांत हा प्रवास उरकता येतो; परंतु तसे करणाऱ्याच्या पदरी घाटातील वळणांच्या आठवणीखेरीज फारसे काही पडत नाही. हाच मार्ग तीन-चार दिवसांत, थांबत थांबत केला, तर महाराष्ट्राची तीन अगदी निराळी रूपे एकापाठोपाठ एक उलगडत जातात : सधन बागायतीचा पठारी मुलूख, डोंगरउतारावरील आदिवासी पट्टा आणि चिकूच्या वाड्यांनी वेढलेली किनारपट्टी.

भूगोलाच्या दृष्टीनेही हा मार्ग लक्षवेधक आहे. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी अरबी समुद्रापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर जन्म घेते. परंतु जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून ती पूर्वेकडे सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत जाते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगररांगेत उगम पावणारी वैतरणा मात्र पश्चिमेची वाट धरून अरबी समुद्र गाठते. या प्रवासातील पहिला टप्पा गोदावरीच्या खोऱ्यातला आणि पुढचा सारा वैतरणेच्या दिशेने उतरणारा. ही जलविभाजक रेषा ओलांडली की माती, पीक, घरांची ठेवण, भाकरीचे धान्य आणि माणसांच्या आयुष्याचे गणितही बदलते.

केव्हा जावे?

या सहलीसाठी जानेवारीचा उत्तरार्ध व फेब्रुवारी हा काळ सर्वांत अनुकूल होय. याचे कारण द्राक्षवेलीच्या दिनक्रमात आहे. युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात विश्रांती घेते आणि शरद ऋतूत तिची तोडणी होते. नाशिकच्या उष्ण हवामानात वेलीला अशी नैसर्गिक झोप मिळत नाही. म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, जिच्यातून पुढच्या हंगामाच्या काड्या तयार होतात. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, जिच्यातून फळ धरते. पावसाळ्यानंतर वाढलेले घड थंडीत रस धरतात आणि जानेवारी ते मार्च या काळात वाइनच्या द्राक्षांची तोडणी चालते. जुलै-ऑगस्टमध्ये बागा हिरव्यागार दिसतात, मात्र वेलीवर द्राक्ष नसते. हे ठाऊक नसल्याने पावसाळ्यात गेलेल्या पर्यटकांची निराशा होते.

पावसाळ्याचे आकर्षण वेगळे आहे. जव्हार परिसरातील दाभोसा धबधबा त्या काळात पूर्ण भरात असतो. परंतु घाटात दाट धुके, निसरडा रस्ता आणि दरड कोसळण्याची भीती असते. समुद्र खवळलेला असतो आणि मासेमारी बंद असते. वृद्ध व लहान मुले सोबत असणाऱ्या कुटुंबाने पावसाळा टाळून ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ निवडणे श्रेयस्कर.

आणखी दोन गोष्टी दिनदर्शिकेत पाहून ठेवाव्यात. नाशिक-त्र्यंबकचा सिंहस्थ कुंभमेळा २०२६-२७ मध्ये येत असून त्यातील प्रमुख स्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. त्या दिवसांत हा मार्ग सहलीसाठी निवडू नये. दुसरे असे की, २६ जानेवारी हा महाराष्ट्रात मद्यविक्रीबंदीचा दिवस असतो. प्रजासत्ताक दिनाच्या सुटीला जोडून वाइनरी पाहण्याचा बेत करणाऱ्यांनी त्या दिवशी तेथे काय चालू राहील, याची आधीच दूरध्वनीवरून चौकशी करावी. नोकरदार कुटुंबांना, विशेषतः बँक कर्मचाऱ्यांना, महिन्यातील दुसरा किंवा चौथा शनिवार सोयीचा पडतो. त्याला एक-दोन दिवसांची रजा जोडली की सहल निवांत पार पडते.

पहिला दिवस : वेलींच्या गावात

मुंबईहून नाशिक सुमारे १७० व पुण्याहून सुमारे २१० किलोमीटर. सकाळी लवकर निघाल्यास दुपारच्या भोजनापर्यंत नाशिक गाठता येते. बँकेशी नाते असणाऱ्या वाचकांना या शहराची एक वेगळी ओळखही सांगण्याजोगी आहे. भारतात छापल्या गेलेल्या चलनी नोटांचा पहिला छापखाना नाशिकरोड येथे १९२८ मध्ये सुरू झाला. तोवर आपल्या नोटा इंग्लंडहून छापून येत असत.

नाशिक जिल्ह्यात खाण्याच्या द्राक्षांची परंपरा जुनी. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत ही नावे द्राक्षांमुळेच देशभर पोहोचली. वाइनचा उद्योग मात्र तुलनेने अलीकडचा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गंगापूर धरणाच्या परिसरात ‘सुला’ने बागा लावल्या आणि पाठोपाठ इतर उत्पादक आले. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर येथे व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्कची योजना आखली. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले.

गंगापूर धरणाच्या आसपास अनेक वाइनरी पर्यटकांना शुल्क आकारून आपला कारखाना दाखवितात. वाइन न पिणाऱ्यांनीही ही फेरी अवश्य करावी; कारण ती मूलतः शेती आणि रसायनशास्त्र यांच्या संगमाची गोष्ट आहे. वाइनचे द्राक्ष खाण्याच्या द्राक्षासारखे टपोरे नसते. ते लहान, जाड सालीचे व बियांचे असते, कारण रंग आणि चव सालीत दडलेली असते. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे दाबून रस आधीच वेगळा केला जातो. तांबड्या वाइनसाठी रस सालींसकट आंबविला जातो. आंबविण्याची क्रिया उष्णता निर्माण करते. म्हणून पोलादी टाक्यांचे तापमान सतत नियंत्रित ठेवावे लागते. काही वाइन पुढे ओक लाकडाच्या पिंपांत मुरविली जाते. शेनिन ब्लां, सोव्हिन्याँ ब्लां, शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्याँ ही फ्रेंच वाणांची नावे आता नाशिकच्या शेतमजुरांच्याही तोंडी रुळली आहेत.

मात्र बाग पाहताना तिच्यामागची जोखीमही ध्यानी घ्यावी. द्राक्षबाग उभी करणे म्हणजे मांडव, तारा, ठिबक सिंचन, औषधफवारणी आणि मजुरी यांवर आधी मोठा खर्च करून फळाची वाट पाहणे होय. दमट हवामानात डावणी व भुरी हे रोग येतात. ऐन तोडणीच्या वेळी आलेला अवकाळी पाऊस किंवा गारपीट एका रात्रीत वर्षाची कमाई हिरावून नेते. निफाड परिसरात थंडीचा कडाका इतका वाढतो की, घडांना तडे जाऊ नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवितात. पीककर्जाच्या कागदांवर ‘द्राक्ष’ हा जो एक शब्द असतो, त्याच्या पोटात हे सारे सामावलेले असते.

एक अपरिहार्य नियम

द्राक्षमळ्यांतून सुरू होणाऱ्या कोणत्याही मोटारप्रवासाला एक अट घालून घ्यावी लागते : ज्याने वाइन चाखली, त्याने त्या दिवशी गाडी चालवायची नाही. मोटार वाहन कायद्यानुसार रक्तातील मद्यार्काची मर्यादा प्रति १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम इतकी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अपराधासाठी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही, तर पुनरावृत्ती झाल्यास १५,००० रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद अथवा दोन्ही अशी तरतूद आहे. परंतु दंडाची भीती हे दुय्यम कारण झाले. पुढचा रस्ता घाटाचा आहे, हे खरे कारण. म्हणून वाइनरीची भेट पहिल्या दिवशी दुपारनंतर ठेवावी, मुक्काम नाशिकलाच करावा, जाण्यायेण्यास भाड्याचे वाहन घ्यावे आणि घाटाचा प्रवास दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या डोक्याने करावा. संपूर्ण सहलीचे वेळापत्रक या एका नियमाभोवती आखले की बाकीचे प्रश्न आपोआप सुटतात.

बाटल्या विकत घेणाऱ्यांनी आणखी एक भान ठेवावे. या मार्गाचे शेवटचे टोक, म्हणजे बोर्डी, गुजरातच्या सीमेला अगदी लागून आहे. गुजरात राज्यात स्थापनेपासून दारूबंदी आहे. संजाण किंवा उदवाड्याकडे जाण्याचा मोह झाला, तर नाशिकहून घेतलेली बाटली गाडीत असता कामा नये. पावती जवळ असली तरी ती तेथे उपयोगी पडत नाही.

दुसरा दिवस : गोदेच्या उगमापासून जव्हारपर्यंत

नाशिकहून त्र्यंबकेश्वर सुमारे तीस किलोमीटर. वाटेत अंजनेरीचा डोंगर लागतो. हनुमंताचे जन्मस्थान म्हणून तो श्रद्धेचा विषय आहे. त्याच्या पायथ्याशी भारतीय मुद्राशास्त्र संशोधन संस्था असून ती १९८० मध्ये स्थापन झाली. प्राचीन आहत नाण्यांपासून पुढच्या काळापर्यंत भारतीय नाण्यांचा इतिहास येथील संग्रहालयात मांडला आहे. ज्यांचा दिवस पैशांच्या हिशेबात जातो, त्यांनी पैशाचा हा पूर्वेतिहास पाहण्यासाठी तासभर वेळ काढावा. मुलांसाठी तर तो इतिहासाचा जिवंत धडा ठरतो.

त्र्यंबकेश्वराचे काळ्या पाषाणातील मंदिर नानासाहेब पेशव्यांच्या काळात १७५५ मध्ये बांधावयास घेतले आणि १७८६ मध्ये ते पूर्ण झाले. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असल्याने येथे सदैव गर्दी असते. दर्शन घ्यायचे असल्यास नाशिकहून पहाटेच निघावे, म्हणजे ऊन चढण्याच्या आत पुढच्या वाटेला लागता येते.

त्र्यंबक सोडल्यावर रस्ता पश्चिमेकडे वळतो. द्राक्षांचे मांडव मागे पडतात. भातखाचरे आणि नागली-वरईचे उतार दिसू लागतात. तोरंगण घाट उतरून मोखाड्याच्या हद्दीत शिरले की दृश्य पालटते. एकामागे एक डोंगररांगा, खोल दऱ्या, पळसाची व सागाची झाडे, कुडाच्या भिंतींची घरे आणि रस्त्याच्या कडेने डोक्यावर मोळ्या घेऊन चालणाऱ्या स्त्रिया. येथे वाहनाचा वेग ताशी तीस-पस्तीस किलोमीटरच्या वर नेऊ नये. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, वळणावर भोंगा द्यावा, चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी. नाशिक-जव्हार अंतर सुमारे ऐंशी किलोमीटरच. तथापि थांबे सोडून तीन तास धरावेत.

हा पट्टा निसर्गसुंदर आहे, तसाच तो महाराष्ट्राच्या सद्सद्विवेकाला प्रश्न विचारणाराही आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारे राज्य हादरले होते. वैतरणेच्या खोऱ्यात मुंबईची तहान भागविणारी धरणे आहेत : १९५७ चा मोडकसागर, त्यानंतरचे अप्पर वैतरणा आणि २०१४ मध्ये पूर्ण झालेले मध्य वैतरणा. पावसाळ्यात धो धो कोसळणाऱ्या पावसाच्या या प्रदेशातील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात मात्र पिण्याचे पाणी टँकरने पुरवावे लागते. भाताची कापणी आटोपली की, दिवाळीनंतर अनेक कुटुंबे रोजगारासाठी घरे सोडतात. कोणी वीटभट्ट्यांवर, कोणी बांधकामांवर जातात. नाशिकच्या द्राक्षबागांत छाटणी, विरळणी व तोडणीची कुशल कामे करणाऱ्या मजुरांतही पेठ, सुरगाणा, हरसूल आणि या डोंगरपट्ट्यातील आदिवासींचे प्रमाण मोठे आहे. पर्यटक ज्या रस्त्याने समुद्राकडे उतरतो, त्याच रस्त्याने ही माणसे जीपगाड्यांतून वर चढत असतात. आदल्या दिवशी पाहिलेल्या नीटनेटक्या वेलींचे घड ज्यांच्या हातांनी विरळले, त्यांची गावे दुसऱ्या दिवशी खिडकीतून दिसतात. या प्रवासाचे दोन टप्पे असे परस्परांशी जोडलेले आहेत, आणि ही जोडणी लक्षात आल्याखेरीज हा प्रवास पूर्ण होत नाही.

प्रवाशाने करण्यासारखे एक साधे काम आहे. खाण्यापिण्याचे सारे सामान शहरातून भरून आणण्याऐवजी वाटेतील आठवडे बाजारात थांबावे. नागलीचे पीठ, उडीद, हंगामी रानभाज्या, बांबूच्या टोपल्या घ्याव्यात. घासाघीस करू नये. माणसांची, विशेषतः मुलांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत.

जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर वसलेले टुमदार गाव आहे. महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याने सुमारे सहा शतके येथे राज्य केले. १९४८ मध्ये हे संस्थान विलीन झाले. गावाबाहेर टेकडीवर ‘जयविलास’ राजवाडा गर्द झाडीत उभा आहे. ती खासगी मालमत्ता असल्याने प्रवेशाची चौकशी आधी करावी. १६६४ मध्ये सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम जव्हारजवळ झाला आणि तेथे जव्हारच्या राजाने त्यांना मानाचा शिरपेच दिला, अशी परंपरा सांगितली जाते. ती जागा ‘शिरपामाळ’ म्हणून ओळखली जाते. सायंकाळी सनसेट पॉइंटवरून खालच्या दरीत मावळणारा सूर्य पाहावा. दुसऱ्या दिवशी तोच सूर्य समुद्रात बुडताना दिसणार असतो.

या भागातील बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सवही प्रसिद्ध आहे. वसंतात होणाऱ्या या सोहळ्यात देव-दानवांचे रंगीत मुखवटे चढवून रात्रभर सोंगे नाचविली जातात. त्या सुमारास जाणाऱ्यांनी स्थानिकांकडून तिथी विचारून घ्यावी.

तिसरा दिवस : चित्रांच्या वाटेने किनाऱ्याकडे

जव्हारहून कासा, चारोटी, गंजाड करीत डहाणू सुमारे साठ किलोमीटर. हा सारा मुलूख वारल्यांचा. चारोटीजवळ विवळवेढे येथील महालक्ष्मी हे आदिवासींचे श्रद्धास्थान असून चैत्र पौर्णिमेपासून तेथे मोठी यात्रा भरते. चारोटीला मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडावा लागतो. डोंगरातील शांत रस्त्यावरून अचानक अवजड वाहनांच्या वर्दळीत येत असल्याने तेथे विशेष दक्षता घ्यावी.

वारली चित्रकला आज चहाच्या कपांवर आणि साड्यांवरही दिसते. मूळ रूपात ती लग्नघरातील भिंतीवर सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने रेखाटलेला चौक होती. चौकाच्या मध्यभागी पालघाट देवी असते आणि हे चित्र काढल्याशिवाय विवाह पूर्ण होत नाही. गेरूने किंवा शेणाने सारवलेली भिंत, तांदळाची पांढरी पेस्ट आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढ्या साहित्यावर हे सारे विश्व उभे राहते. त्रिकोण, वर्तुळ आणि रेषा यांतून माणूस, पाखरू, शेत, तारपा वाजविणारा आणि त्याच्याभोवती फेर धरणारे नर्तक प्रकट होतात. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी पुरुष असूनही ही कला हाती घेतली आणि लग्नाच्या भिंतीवरून ती कागदावर व कापडावर आणली. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार, तर २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. या परिसरातील चित्रकारांच्या घरी जाऊन थेट चित्र विकत घेणे हा सहलीतील सर्वांत समाधानाचा खर्च ठरावा. चित्राचे मोल मधल्या कोणाकडेही न जाता पूर्णपणे कलावंताच्या हाती पडते.

डहाणू सोडून किनाऱ्याच्या रस्त्याने बोर्डीकडे निघाले की एका बाजूला सुरूची बने व समुद्र, तर दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या अशी सतरा किलोमीटरची रमणीय वाट सुरू होते. इराणातून आलेल्या झरतुष्ट्री कुटुंबांनी या वाड्या फुलविण्यात मोठा वाटा उचलला. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा रीतीने हा प्रवास एका मानांकित फळापासून दुसऱ्या मानांकित फळापर्यंत येऊन पोहोचतो. चिकूच्या वाडीत राहण्याची सोय अनेक कुटुंबे करतात आणि त्यांच्या घरचे पारशी-इराणी पद्धतीचे जेवण ही पर्वणीच असते.

बोर्डीचा किनारा सपाट व उथळ आहे. ओहोटीला पाणी बरेच दूर जाते आणि ओल्या वाळूवर मैलोन्मैल चालता येते. मात्र भरती-ओहोटीच्या वेळा स्थानिकांना विचारूनच पाण्यात उतरावे, आणि वाहन वाळूवर नेऊ नये.

बोर्डीचे आणखी एक ऋण महाराष्ट्रावर आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. बालवाडी श्रीमंतांच्या मुलांपुरती न राहता खेड्यापाड्यांतील मुलांच्या अंगणात गेली पाहिजे, या विचारातून अंगणवाडीची कल्पना साकारली. १९५७ मध्ये हे कार्य जवळच्या कोसबाड टेकडीवर, वारली वस्तीच्या अधिक निकट नेण्यात आले. मोखाडा-जव्हारच्या पाड्यांवर आदल्या दिवशी दिसलेल्या अंगणवाडीचे मूळ असे या किनाऱ्यावर सापडते.

चालण्याची आवड असणाऱ्यांसाठी बोर्डीनजीकची बहारोट लेणी आहेत. संजाणच्या पाडावानंतर पारशी समाजाने आपला पवित्र अग्नी बारा वर्षे या डोंगरात सुरक्षित ठेवला, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे त्या अग्नीची स्थापना उदवाड्यास झाली. लेणी श्रद्धेचे स्थान असल्याने तेथे शांतता राखावी.

बदलत्या किनाऱ्याची नोंद

डहाणू तालुका १९९१ मध्ये केंद्र शासनाने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. या संरक्षणामुळेच मुंबईच्या इतक्या जवळ असूनही येथील वाड्या आणि किनारा टिकून राहिला. आता डहाणूजवळ वाढवण येथे महाकाय बंदर उभे राहत आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यास मंजुरी दिली व ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. बंदरामुळे व्यापार आणि रोजगार वाढेल, अशी अपेक्षा एका बाजूला. मासेमारी, डायमेकर व बागायत यांच्या भवितव्याची मच्छीमारांना व बागायतदारांना वाटणारी चिंता दुसऱ्या बाजूला. आज जो किनारा दिसतो, तो पुढच्या पिढीला याच रूपात दिसेलच असे नाही. ही सहल ‘पुढे कधीतरी’ या यादीत न टाकण्याचे हे एक सबळ कारण आहे.

हिशेब आणि तयारी

मुंबईहून निघून नाशिक, जव्हार, बोर्डी व महामार्गाने परत, असे एकूण अंतर सुमारे ४८० किलोमीटर होते. स्थानिक फेऱ्यांसाठी ६० किलोमीटर धरावेत. लिटरला पंधरा किलोमीटर धावणाऱ्या मोटारीस ५४० किलोमीटरसाठी ३६ लिटर इंधन लागेल. त्या दिवसाच्या दराने गुणले की पहिला आकडा मिळतो. त्यात तीन रात्रींचा निवास, भोजन, पथकर, प्रवेशशुल्क व खरेदी मिळवावी आणि एकूण रकमेच्या दहा टक्के रक्कम अकल्पित खर्चासाठी राखून ठेवावी. सहलीचा खर्च कर्जाऊ कार्डावर टाकून पुढे महिनोन्‌महिने फेडत बसण्यापेक्षा, आधी साठविणे केव्हाही हितावह. दरमहा १,५०० रुपयांची आवर्ती ठेव दहा महिने चालविली, तर १५,००० रुपये मुद्दल आणि त्यावरील व्याज हाती येते. एप्रिलमध्ये, वेलीची खरड छाटणी चालू असताना, पहिला हप्ता भरावा. घड पिकेपर्यंत सहलीची तरतूदही पिकलेली असते.

निघण्यापूर्वी टायर, ब्रेक, दिवे व राखीव चाक तपासून घ्यावे. वाहनाचा विमा, प्रदूषण प्रमाणपत्र व परवाना यांची मुदत पाहावी. फास्टॅगमध्ये पुरेशी शिल्लक ठेवावी. इंधनाची टाकी नाशिकलाच भरावी. घाटमाथ्यावर भ्रमणध्वनीचे जाळे अनेक ठिकाणी क्षीण होते आणि तेथे यूपीआयचा भरवसा धरता येत नाही; म्हणून आठवडे बाजारासाठी सुट्या नोटा जवळ असाव्यात. नकाशा आधीच भ्रमणध्वनीत उतरवून घ्यावा. आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावरील साहाय्यासाठी १०३३ हे क्रमांक प्रत्येकाजवळ नोंदलेले असावेत. अंधार पडल्यावर घाट उतरू नये, हे सर्वांत महत्त्वाचे.

परतीच्या वेळी गाडीत चिकूची पेटी असेल, नागलीच्या पिठाची पिशवी असेल, गेरूवर पांढऱ्या रेषांनी काढलेले एखादे चित्र असेल. घरी परतल्यावर फळविक्रेत्याच्या हातगाडीवरील द्राक्षांचा घड उचलताना त्यामागची पहाटेची शेकोटी आठवावी, विरळणी करणारी बोटे आठवावीत आणि त्या बोटांचा डोंगरापलीकडील गाव आठवावा. एकशे साठ किलोमीटरच्या प्रवासाने एवढे दिले, तर खर्च केलेल्या पैशाचा आणि वेळेचा पुरेपूर मोबदला मिळाला असे समजावे.